भिडूच्या मेजरला भक्कम साथ असेल तर बोली कशी करावी?

कोथरूडला रविवारी दुपारी आमचा ब्रिजचा डाव बसतो. माझ्या समोर काकू. एकदा काकूंनी 'एक इस्पिक' म्हटलं. माझ्या हातात इस्पिकचा राजा, दश्शी, छक्की, दुर्री. बदामचा एक्का, राणी आणि दोन बारकी. चौकटचा राजा आणि तीन बारकी. किलवरची एकटी पंजी. बारा पॉइंट (एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक). मी खुशीत थेट 'चार इस्पिक' (इस्पिक हुकूम धरून सहा अधिक चार, म्हणजे दहा हात करायची बोली) म्हणून मोकळा झालो. सगळे पास. काकूंनी बारा हात केले आणि माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "अरे, एवढी पानं घेऊन चारवर गप्प बसलास?"

आम्ही व्हल्नरेबल (बोनस आणि दंड दोन्ही वाढलेल्या स्थितीत) नव्हतो, म्हणून 480 मिळाले. सहा बोललो असतो तर 980. बोलीतच पाचशेचं नुकसान.

मेंढीकोट खेळून ब्रिजकडे वळलेल्यांची ही हमखास चूक आहे: पानं चांगली दिसली की मोठी उडी. ब्रिजमध्ये एक इस्पिकवर थेट चार म्हणजे 'हुकूम भरपूर, पॉइंट कमी, पुढे जाऊ नकोस'. हात ताकदवान असेल तर बोली सावकाश चढवायची.

आधी हुकूम मोजा. मेजर म्हणजे बदाम आणि इस्पिक. भिडूने मेजर बोलला की त्याच्याकडे त्या रंगाची निदान पाच पानं, हे बहुतेक ठिकाणी ठरलेलं असतं. तुमच्याकडे चार असतील तर नऊ झाली. तीनच असतील आणि हात जोरकस असेल, तर आधी दोनच्या पातळीवर आपला रंग बोला आणि पुढच्या फेरीत साथ दाखवा. ती बोली गेमपर्यंत (मेजरमध्ये चारच्या बोलीपर्यंत) बंधनकारक आहे का, हे मात्र भिडूशी आधी बोलून ठेवा.

मग चार हुकूम आणि तेरा-चौदाच्या वर पॉइंट, पण एकेरी रंग नाही, असा हात. यासाठी 'दोन नो ट्रंप' (एरवी नो ट्रंप म्हणजे हुकमाशिवाय खेळ). ऑस्वल्ड जॅकोबी या अमेरिकन खेळाडूच्या नावाने ही बोली ओळखली जाते. तिचा नो ट्रंपशी काही संबंध नाही; अर्थ एवढाच की साथ पक्की आहे, गेम नक्की, तुझं सांग. भिडूने तीनवर नवा रंग बोलला तर त्याच्याकडे तो रंग एकेरी किंवा मुळीच नाही. तीनवर हुकूमच बोलला तर अठराच्या पुढचा दमदार हात, तीन नो ट्रंप म्हणजे मधला, आणि थेट चार म्हणजे पहिली बोली करण्यापुरताच जेमतेम हात. जुन्या पद्धतीत दोन नो ट्रंप म्हणजे अकरा-बाराचा साधा हात, त्यामुळे हे पहिल्या डावाआधी ठरलेलं हवं.

माझ्यासारखा एकेरी पानाचा हात असेल तर 'स्प्लिंटर'. नव्या रंगात दुहेरी उडी (लागते त्यापेक्षा दोन पातळ्या वर) मारायची: एक इस्पिकवर 'चार किलवर'. म्हणजे चार हुकूम, गेमपुरती ताकद, आणि किलवर एकच किंवा तेही नाही. माझ्या मते नवशिक्यांनी हेच सगळ्यात आधी शिकावं.

का, ते काकूंच्या पानांवरून कळेल. इस्पिकचा एक्का, राणी, गुलाम आणि दोन बारकी. बदामचा राजा, छक्की. चौकटचा एक्का, चव्वी. किलवरची चार बारकी. चौदा पॉइंट. दोघांचे मिळून सव्वीस. स्लॅमला (बारा हातांच्या बोलीला) तेहेतीस लागतात असं शिकवतात, पण ते सपाट, म्हणजे सगळ्या रंगांत साधारण सारखी पानं असलेल्या हातांसाठी. इथे विरोधकांकडच्या चौदा पॉइंटपैकी दहा किलवरमध्ये अडकलेले, आणि आमच्याविरुद्ध त्या रंगात त्यांना फक्त एक हात. उरलेल्या किलवरपैकी एक बदामच्या राणीवर टाकायचं, दोन माझ्या हुकमाने कापायची. झाले बारा. याउलट काकूंकडे किलवरचे राजा-राणी असते, तर ते माझ्या एकेरी पंजीसमोर फुकट गेले असते. मग काकूंनी चार इस्पिकवरच थांबायचं.

शेवटी एक्के विचारा. चार नो ट्रंप म्हणजे ब्लॅकवुड; आता बहुतेक जण हुकमाचा राजा पाचवा एक्का धरतात. उत्तरात पाच बदाम म्हणजे दोन आहेत, हुकमाची राणी नाही. मी तेच उत्तर दिलं असतं. काकूंना कळलं असतं की फक्त किलवरचा एक्का बाहेर आहे, सहा बोलायला हरकत नाही. एखाद्या न बोललेल्या रंगात तुमच्याकडे दोन बारकी पानं असतील तर मात्र लगेच चार नो ट्रंप नको. त्या रंगाचे पहिले दोन हात जाऊ शकतात आणि एक्के मोजून काही कळणार नाही. अशा वेळी आधी बाजूच्या रंगातला एक्का किंवा राजा बोलून दाखवा, भिडूलाही दाखवू द्या.

मधल्या विरोधकाने बोली घातली तर जॅकोबी चालू ठेवायचं की नाही, यावर काकूंचं आणि माझं अजून एकमत नाही. त्या म्हणतात बंद, आणि पानं त्याच वाटतात.