मावळातली लेणी आणि गड: कोणत्या महिन्यात कुठे जावं, काय पाहावं

पावसाळ्यातल्या रविवारी लोणावळ्याला गाड्यांची रांग लागते आणि निम्मा दिवस त्या रांगेतच जातो. त्याच परिसरात भाजे, कार्ले आणि बेडसे ही दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत, लोहगड, विसापूर, तिकोना आणि राजमाची हे गड आहेत. यातलं बरंचसं पुणे–लोणावळा लोकलने एका दिवसात होतं. फक्त एक पथ्य पाळायचं: ठिकाण ठरवायच्या आधी महिना पाहायचा. जुलैत विसापूरची पायऱ्यांची वाट जीवघेणी असते आणि डिसेंबरात ती सहज चढता येते. पवना धरणातलं वाघेश्वराचं देऊळ ऑगस्टमध्ये दिसतच नाही. बेडशाला दुपारी चारला पोचलात, तर खांबांवरचं कोरीव काम सावलीत गेलेलं असतं.

लेण्याचं तोंड कुणीकडे आहे?

हा प्रश्न आधी विचारावा, कारण लेणं बघायचं म्हणजे त्यात येणारा उजेड बघायचा. भाजे आणि कार्ले पश्चिमेकडे तोंड करून आहेत, बेडसे पूर्वेकडे. म्हणून बेडसे सकाळी आठ ते दहा आणि भाजे-कार्ले दुपारी साडेतीननंतर. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत आकाश स्वच्छ असतं, दुपारनंतरचं ऊन तिरपं येतं आणि त्यात कोरीव कामाचा उठाव स्पष्ट दिसतो. भर दुपारी बाहेर लखलखाट आणि आत काळोख असतो. डोळे सरावायला पाच मिनिटं लागतात, आणि तेवढं थांबायच्या आतच लोक फोटो काढून बाहेर पडतात. आत गेल्यावर आधी पाच मिनिटं स्वस्थ बसा.

भाज्यात २२ लेणी आहेत. मधलं मोठं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन, १२ क्रमांकाचं. त्याच्या मध्यभागी उभं राहून खांब नीट पाहा. ते सरळ उभे नाहीत, आत कलले आहेत. लाकडी इमारतीत छताचा भार बाहेर ढकलतो, म्हणून खांब आत कललेले ठेवावे लागतात. कातळात त्याची काही गरज नव्हती, पण सुतारकामाची सवय दगडात उतरली. वर पाहिलंत तर छताला लाकडी फासळ्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याच मूळच्या आहेत. दर्शनी बाजूची लाकडी चौकट मात्र गेली, तिच्या खाचा उरल्या. त्या शोधल्या की मूळ रूप डोळ्यांसमोर उभं राहतं. पुढे १४ स्तूपांचा पुंजका आहे, काही आत, काही उघड्यावर. तिथून तसंच पुढे गेलं की १९ क्रमांकाचा विहार, म्हणजे भिक्खूंच्या राहण्याचं लेणं. त्याच्या ओवरीत चार घोड्यांच्या रथातली आणि हत्तीवर बसलेली अशा दोन आकृती आहेत. परंपरेने त्यांना सूर्य आणि इंद्र मानतात. इथपर्यंत न येताच परतणारे खूप आहेत, तसं करू नका.

कार्ल्याचं चैत्यगृह सुमारे ४५ मीटर लांब आहे. इथे खांबांवर आणि भिंतींवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मी लिपीत कोरली आहेत. ओवरीत वैजयंती नगरीच्या भूतपाल श्रेष्ठीचा, म्हणजे सावकाराचा, लेख आहे. हे शैलगृह जंबुद्वीपात, म्हणजे भारतवर्षात, उत्तम आहे, असं त्यात अभिमानाने म्हटलं आहे. असे लेख वाचायला, निदान नीट दिसायला, बॅटरी भिंतीला जवळजवळ चिकटवून तिरपी धरायची. समोरून उजेड टाकला तर दगड सपाट दिसतो. बाजूने टाकला की प्रत्येक अक्षराच्या खाचेत सावली भरते आणि एकेक ओळ वर येते. अक्षरांवर खडू, हळद किंवा पाणी कधीही लावू नका, बोटही फिरवू नका. मऊ झालेल्या दगडाचा पापुद्रा बोटासोबत निघतो. संरक्षित स्मारकावर नाव कोरलं तर कायद्यानुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं, हे सोबतच्या पोरांना आधीच सांगून ठेवावं.

कार्ल्याला लेण्यासमोरच एकवीरा आईचं देऊळ आहे. चैत्रातली यात्रा, नवरात्र आणि एरवीचे रविवार या दिवशी पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. दर्शन हाच हेतू असेल तर ती गर्दी आनंदाची आहे, पण लेणं पाहायचं असेल तर मधला वार काढा.

बेडसे मात्र बहुतेक वेळा शांत असतं. कामशेत स्टेशनवर उतरून पवनानगरच्या रस्त्याने बेडसे गावात जायचं, तिथून पायऱ्या आहेत. ओवरीतल्या उंच खांबांच्या माथ्यावर घोडे, बैल, हत्ती आणि त्यांवर बसलेले स्त्री-पुरुष आहेत. सकाळचं ऊन थेट त्यांच्यावर पडतं. शेजारचा विहार मागे अर्धगोल आहे आणि त्याचं छत गजपृष्ठाकार, म्हणजे हत्तीच्या पाठीसारखं गोलसर, आहे. विहार असा क्वचितच असतो, एरवी तो चौकोनी आणि सपाट छताचा असतो.

पावसाळा: जून ते सप्टेंबर

आधी वर्तमानपत्रात किंवा जिल्हा प्रशासनाच्या सूचनांमध्ये पाहून घ्यावं, कारण या दिवसांत धबधबे, धरणं आणि काही गडांवर बंदीचे आदेश निघतात. आदेश असेल तर बेत बदलायचा, त्यात वाद घालू नये.

या ऋतूत घरच्या मंडळींसाठी लोहगड बरा. पायथ्यापासून वरपर्यंत बांधीव पायऱ्या आहेत आणि गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशा चार दरवाजांतून वळणं घेत वाट जाते. पायऱ्यांवर मधोमध पाऊल ठेवा. कडेला आणि भिंतीलगत शेवाळ धरतं आणि पाय तिथेच निसटतो. चढताना माणूस सावध असतो, घसरतो तो उतरताना, तोही बहुधा गप्पांच्या नादात. विंचूकाट्याच्या चिंचोळ्या सोंडेवर जोराचा वारा आणि धुकं असेल तर अलीकडेच थांबावं.

विसापूरची पायऱ्यांची वाट म्हणजे पावसाळ्यात सरळ ओढाच. पायऱ्यांवरून पाणी कोसळतं म्हणून ती प्रसिद्ध झाली, आणि धोका तिथेच आहे. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वरच्या पठारावर सर आली की दहा-पंधरा मिनिटांत ओढ्यातलं पाणी वाढतं. खुणा अशा: स्वच्छ पाणी गढूळ होतं, त्यात काटक्या-पाचोळा येऊ लागतो, आवाज जाड होतो. यातलं एक जरी जाणवलं, तरी लगेच काठावर, उंचावर जायचं. सामान घ्यायला मागे फिरू नये. ओढ्याच्या मधल्या खडकावर थांबणं सर्वांत वाईट, कारण दोन्हीकडचा रस्ता एकदम बंद होतो. वेगाचं पाणी गुडघ्याला लागत असेल तर ते ओलांडू नये. पाऊस थांबला की डोंगरातले ओढे बहुधा तास-दोन तासांत उतरतात, तेवढी वाट पाहावी.

विसापूरचा माथा मोठा आणि सपाट आहे. धुक्यात दिशा कळत नाही आणि माणूस गोल फिरत राहतो. अशा वेळी मधून चालू नये. तट गाठायचा आणि त्याच्या आतल्या बाजूने, तो नजरेआड होऊ न देता चालत राहायचं. ज्या वाटेने वर आलात ती तटाशी कुठे मिळते, ते चढतानाच खूण धरून ठेवा: एखादं टाकं, जात्याचा दगड, पडकी भिंत.

कपड्यांबद्दल थोडं. गडावर छत्री उलटी होते, पोंचो किंवा रेनकोट घ्या. जीन्स भिजली की जड होते आणि वाळत नाही. पाठपिशवीच्या आत एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून सगळं सामान तिच्यात ठेवावं, बाहेरचं आवरण पाणी आत सोडतंच. बुटाचा तळ खोल खाचांचा आणि रबर मऊ हवं. कडक, गुळगुळीत तळ ओल्या कातळावर साबणासारखा सरकतो. कोरडे कपडे आणि मोजे परतीसाठी वेगळे बांधून ठेवा.

सोनकीचे दिवस

भाद्रपदापासून पाऊस ओसरायला लागतो आणि गडांचे उतार सोनकीने पिवळे होतात. जोडीला तेरडा आणि कवला असतो. हा बहर साधारण सप्टेंबरभर आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. खाली खाचरांतून भात पोटरीला आलेला असतो आणि कामशेतच्या बाजूला इंद्रायणी भाताचा वास बांधावरच येतो. फुलं पाहायला पायवाट सोडून ताटव्यात शिरू नका. पाय पडलेली जागा दाबली जाते आणि पुढच्या वर्षी तिथे उगवण कमी होते.

गवत या दिवसांत कंबरेइतकं वाढलेलं असतं. काठी पुढे आपटत चाला. पडक्या भिंतीच्या फटीत आणि दगडाच्या आडोशाला न पाहता हात घालू नका, फुरसं आणि घोणस तिथेच बसलेली असतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पायभर पॅन्ट घाला. ऑक्टोबरमध्ये ऊन अचानक तापतं. पावसाळ्याच्या सवयीने एकच बाटली घेऊन निघालेले लोक याच महिन्यात चक्कर येऊन बसतात.

थंडीतला एक भरगच्च दिवस

चालायची सवय असेल तर डिसेंबर-जानेवारीत विसापूर, लोहगड आणि भाजे एका दिवसात जमतं. सकाळी साडेसातच्या सुमारास मळवली स्टेशन गाठा. एक्सप्रेसवेवरचा पूल ओलांडून भाजे गाव अर्ध्या तासावर. गावात पायऱ्यांची वाट विचारून घ्या आणि विसापूर चढायला लागा. दीड तासात माथा. सव्वा अकरापर्यंत तट आणि टाकी पाहून लोहगडच्या बाजूला गायमुख खिंडीत उतरायचं. तिथून समोरचा लोहगड पाऊण तासात होतो.

दोन्ही गड एकामागून एक पाहण्यात एक फायदा आहे. विसापूर लोहगडाहून उंच आहे, हे पायांना आधी कळतं आणि मग डोळ्यांना दिसतं. मार्च १८१८ मध्ये इंग्रजांनी आधी विसापूर घेतला आणि मग लोहगड टिकला नाही. विसापूरच्या तटावरून समोर पाहिलं की त्याचं कारण वेगळं सांगावं लागत नाही. लोहगडावरची नाना फडणविसांच्या काळातली सोळाकोनी बाव आणि विंचूकाटा पाहून सव्वादोनला उतरायला लागलात, तर चारच्या सुमारास भाजे लेण्यांत पोचता, अगदी उन्हाच्या वेळेवर. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असतील तर विसापूर सरळ वगळा.

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून जे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यात लोहगड आहे. त्यामुळे गर्दी वाढली आहे, सुटे पैसे जवळ ठेवा आणि रांगेचा वेळ धरा. संरक्षित स्मारकांवर १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसतं. मुक्काम तिथे करता येत नाही. परतीच्या लोकलची वेळ सकाळीच पाहून ठेवा, दुपारच्या गाड्या विरळ असतात.

तिकोन्यालाही हाच ऋतू योग्य. शेवटच्या पायऱ्या खड्या आणि गुडघाभर उंचीच्या आहेत. उतरताना तोंड कातळाकडे करून उतरणं सोपं जातं.

उन्हाळा: पाणी, मधमाश्या आणि वाघेश्वर

माणशी दोन लिटर थंडीत पुरतं, एप्रिलमध्ये तीन लिटर हवं, शिवाय मीठ-साखर किंवा ओआरएस. टाक्यांतल्या पाण्यावर विसंबू नका. दहाच्या आत चढ संपवायचा आणि चारपर्यंत लेण्यात किंवा झाडाखाली बसून काढायचे.

सर्वांत मोठा धोका आग्यामोहोळाचा. कड्याच्या छज्जाखाली, दरवाजाच्या कमानीत, लेण्याच्या दर्शनी भागावर काळी, लोंबती पोळी दिसली की आवाज कमी करा आणि दूर व्हा. धूर, तीव्र अत्तर, फटाके, दगड आणि ड्रोन यांनी माश्या उठतात. उठल्याच, तर हात झाडत उभं राहू नका. तोंड आणि मान कापडाने झाका आणि चालता येईल तितक्या वेगाने, कडा सोडून लांब निघा. पाण्यात उडी घेऊन उपयोग नाही, त्या वर घिरट्या घालत थांबतात. काटा नखाने खरवडून लगेच काढा. श्वास लागला, ओठ सुजले किंवा अनेक डंख असतील तर थेट दवाखाना. वाळक्या गवतात विडी-काडी आणि चूल अजिबात नको. एका ठिणगीने अख्खा उतार जळतो.

पवना धरणातलं पाणी उतरलं की वाघेश्वराचं जुनं दगडी देऊळ उघडं पडतं, साधारण मार्चनंतर. किती उघडं पडेल ते त्या वर्षीच्या पाणीसाठ्यावर, म्हणून काठावरच्या गावात आधी चौकशी करा. पोचायची वाट वाळलेल्या गाळावरून असते. वर भेगाळलेली पापडी दिसते, खाली चिखल ओला असतो. जिथे गुरांच्या खुरांचे ठसे कोरडे आणि उथळ आहेत, तिथूनच चाला. ठसे खोल आणि काळपट दिसू लागले की मागे फिरा. दगड वर्षातले अनेक महिने पाण्यात राहून सैल झालेले आहेत, भिंतींवर चढू नका.

मेच्या अखेरीस करवंदं आणि जांभळं संपत आली की राजमाचीकडे काजव्यांचे दिवस सुरू होतात. पहिल्या वळवानंतर, चांदणं नसलेली रात्र निवडा. गावातला वाटाड्या घ्या आणि अंधार पडायच्या आत राजमाचीवरच्या उधेवाडी गावात पोचा. झाडाजवळ बॅटरी आणि मोबाईल बंद ठेवावा. उजेडात नर-मादीला एकमेकांचे इशारे दिसत नाहीत आणि झाड विझतं. वाटेवर उजेड लागलाच, तर बॅटरीला लाल जिलेटिन कागद बांधून तो पायाशी ठेवा.