मेल हॅक झाल्यावर काय काय करायचं (आणि मी काय विसरलो होतो)

आज सकाळी दारात पोदेराचा (पाववाल्याचा) हॉर्न वाजत होता तेव्हाच शेजारच्या वहिनींचा फोन आला. ईमेल हॅक झाला, पण पासवर्ड बदलला, आता काळजी नाही ना? आहे. भरपूर आहे. दोन वर्षांपूर्वी मीही पासवर्ड बदलून असाच निवांत झोपलो होतो आणि त्या झोपेची किंमत बेचाळीस हजार रुपये पडली. म्हणून वहिनींसाठी लिहायला बसलो, ते बाकीच्यांनाही उपयोगी पडेल.

पहिलं म्हणजे, ज्या कॉम्प्युटरवर गडबड झाली असा संशय आहे त्यावर हे काम करू नका. दुसरा घ्या, घरच्या कुणाचा तरी. सायबर कॅफेतला मुळीच नको. जवळ एक वही ठेवा, काय काय केलं ते वेळेसकट लिहा. पुढे तक्रार करताना लागते.

पासवर्ड बदला. लांब, नवा, कुठेही न वापरलेला. यावर जास्त काय सांगायचं? गाडीच्या नंबरावरून केलेला नको, एवढं कळतं सगळ्यांना, तरी करतात. मग (जीमेल असेल तर) गूगल खात्याच्या सिक्युरिटी पानावर जाऊन ‘युअर डिव्हायसेस’ बघा आणि जे ओळखीचं नाही ते साइन आउट करा. रिकव्हरीचा फोन नंबर आणि दुसरा ईमेल तुमचाच आहे ना, तेही तिथेच तपासा. चोर तिथे स्वतःचा नंबर घालून ठेवतो आणि मग तुम्ही कितीही पासवर्ड बदला, तो ‘पासवर्ड विसरलो’ म्हणत परत आत.

आता मुख्य गोष्ट. फॉरवर्डिंग, म्हणजे आलेला मेल आपोआप दुसऱ्या पत्त्यावर जाणं, आणि फिल्टर, म्हणजे अमुक मेल आला की त्याचं काय करायचं हा नियम. मी हेच विसरलो होतो. विसरलो कसलं, असं काही असतं हेच मला माहीत नव्हतं.

झालं होतं असं. गोव्यात फोंड्याला माझा काजूचा छोटा धंदा आहे, पार्सलं बाहेर जातात. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी मी स्टुलावर चढून माटोळी (गणपतीवरचं फळाफुलांचं छत) बांधत होतो आणि फोनवर मेल आला, तुमचा मेलबॉक्स भरलाय, इथे दाबा. एका हातात सुपारीचा घड, दुसऱ्या हाताने दाबलं, पासवर्डही घातला. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, पासवर्ड बदलला, देवाला नमस्कार केला. संपलं, असं वाटलं. पंधरा दिवसांनी पुण्याच्या दुकानदाराचा फोन, ‘पैसे पाठवून आठवडा झाला, माल कुठाय?’ पैसे? मी तर बिलच पाठवलं नव्हतं. त्यांनी त्यांना आलेलं बिल दाखवलं. माझाच मथळा, माझेच दर, सालीचे काजू आणि खारे काजू वेगवेगळ्या ओळींत. ‘काजू’मधला जू मी बिलात नेहमी ऱ्हस्व लिहितो, ती चूकसुद्धा त्याने जशीच्या तशी उतरवली होती. बदलला होता फक्त बँकेचा खाते नंबर आणि पाठवणाऱ्याच्या पत्त्यातलं एक अक्षर.

भाचा आला, कॉम्प्युटर उघडला आणि म्हणाला, ‘मामा, तुम्ही फिल्टर बघितलाच नाही?’ तिथे एक ओळ होती. ज्या मेलमध्ये बिल, इनव्हॉइस, पेमेंट किंवा अकाउंट हा शब्द असेल तो इनबॉक्समध्ये आणू नको, वाचलेला म्हणून खूण कर, एका परक्या पत्त्यावर पाठव आणि कचऱ्यात टाक. मी झोपलो असताना, दुकानात बसलो असताना, पासवर्ड बदलून पंधरा दिवस उलटले तरी ती ओळ काम करत होती. दाराचं कुलूप बदललं, पण विहिरीत कुणी सोडलेला पाइप तसाच पाणी ओढत राहिला. पासवर्ड बदलल्याने साइन इन केलेले लोक बाहेर जातात. फॉरवर्डिंग ही सेटिंग असते, तिला पासवर्डशी काही देणंघेणं नाही.

म्हणून आत्ता करा. फोनच्या जीमेल ॲपमध्ये फिल्टर दिसतच नाहीत, कॉम्प्युटरच लागतो. उजवीकडे वर दातेरी चाकाचं चिन्ह, मग ‘सी ऑल सेटिंग्ज’. ‘फिल्टर्स अँड ब्लॉक्ड ॲड्रेसेस’ उघडा, जे तुम्ही स्वतः केलेलं नाही ते काढा. मग ‘फॉरवर्डिंग अँड पॉप/आयमॅप’ उघडा आणि परका पत्ता असेल तर तोही काढा. दोन्ही बघा. एकात ‘बंद’ दिसलं म्हणून दुसरं सोडू नका, कारण फिल्टर स्वतंत्रपणे मेल पुढे पाठवू शकतो. काढण्याआधी फोटो घ्या, तो परका पत्ता पुरावा आहे (मी रागाच्या भरात आधी काढला, मग पोलिसांसमोर तोंड पाहत बसलो). आउटलुकवाल्यांनी ‘रूल्स’ बघावेत.

त्याच सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स अँड इंपोर्ट’ आहे. तिथे ‘सेंड मेल ॲज’मध्ये आणि ‘ग्रँट ॲक्सेस टु युअर अकाउंट’मध्ये कुणी अनोळखी बसलाय का ते बघा. मग सिक्युरिटी पानावर परत या आणि खात्याला जोडलेली अनोळखी ॲप्स तोडा.

टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागितली जाते. मेसेजवरच्या ओटीपीपेक्षा ऑथेंटिकेटर ॲप (फोनवरच कोड दाखवणारं) किंवा पासकी (बोटाच्या ठशाने किंवा फोनच्या लॉकने आत जाणं) बरी, कारण दुसरं सिम काढून नंबरच पळवता येतो. फोन जवळ नसताना आत जायला गूगल दहा बॅकअप कोड देतं, आठ-आठ आकड्यांचे. ते फोनमध्ये फोटो काढून ठेवू नका. फोनच हरवला तर? कागदावर उतरवा. आमच्या घरी ते कपाटात जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्याबरोबर आहेत, कारण तो कागद मात्र आमच्यात कुणी हरवत नाही.

आणि फिल्टर बघितला का? नाही ना? वाचून पुढे आलात. मागे जा.

आता बाकीची खाती. कोणती खाती या मेलला जोडलीत हे आठवून सापडत नाही. मेलमध्येच ‘वेलकम’, ‘पासवर्ड’, ‘व्हेरिफाय’ हे शब्द शोधा, म्हणजे यादी समोर येते. ट्रॅशमध्येही शोधा, जीमेल तिथलं तीस दिवसांनी पुसतं. पासवर्ड बदलल्याचे तुम्ही न मागितलेले मेल तिथे सापडले तर ते खातं आधी घ्या. क्रम असा: बँक, मग यूपीआय आणि डिजिलॉकर, मग फेसबुक-इन्स्टाग्राम, शेवटी खरेदीची खाती. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ बघा आणि सहा आकडी पिन लावा. संचार साथी या सरकारी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं, तेही बघा.

पैसे गेले असतील तर आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, बाकी सगळं नंतर. तासाभरात फोन केला तर पैसे वाटेत अडवता येण्याची आशा असते, आठवड्याने काय उपयोग? मग नॅशनल सायबर क्राइम रिपोर्टिंग पोर्टलवर तक्रार, गोव्यात सायबर पोलीस स्टेशन रायबंदरला. बँकेलाही लगेच लेखी. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात आणलेल्या नियमाप्रमाणे चूक तुमची किंवा बँकेची नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तोटा तुमच्यावर येत नाही. ओटीपी स्वतःच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचंच. माझ्या बाबतीत पैसे दुकानदाराने स्वतः पाठवले होते, त्यामुळे तो नियम कामी आला नाही. आम्ही दोघांनी अर्धे-अर्धे सोसले, आणि तो अजून माझ्याकडून माल घेतो, हे त्याचं मोठेपण.

ओळखीच्यांना कळवा, फोन करून, त्याच मेलवरून नको. गिऱ्हाइकांना सांगा, खाते नंबर बदलल्याचा मेल आला तर आधी फोन करा. फोन-कॉम्प्युटर अपडेट करा. अँटिव्हायरस फिरवा. बाकी तुम्हाला माहीत आहे.

आठ दिवसांनी फिल्टर परत बघा. मी दर शुक्रवारी बघतो, म्हापशाच्या बाजाराला निघायच्या आधी.

वहिनींचा परत फोन. दातेरी चाक सापडत नाही म्हणे. उजवीकडे, वर. नाही वहिनी, फोनवर नाही, कॉम्प्युटरवर.