मे महिन्यात पोरांसोबत शिवायला बसायच्या आदल्या दिवशी काय काय काढून ठेवायचं

सुट्टी लागली की पोरं दिवसभर घरात, बाहेर चाळीसच्या वर ऊन, त्यात पुण्याची मुंबईची भाचेकंपनी आलेली, अशा वेळी सगळ्यांना शिवणाला बसवणं लै छान जमतं. फक्त तयारी आदल्या दिवशी झालेली पाहिजे. पोरांचा उत्साह तासभर असतो, त्यातला अर्धा तास बॉबिन (मशीनच्या खालच्या दोऱ्याची चकती) शोधण्यात गेला की ती उठतात आणि परत बसत नाहीत. म्हणून मी काय काय काढून ठेवते ते सांगते. तीन वस्तू धरल्यात, टोपीवाला टॉवेल, घरात घालायची इलॅस्टिकची चड्डी आणि जुन्या चादरीची पिशवी, कारण तिन्हीला लागणारं सामान आपल्या सोलापुरात घराजवळ मिळतं आणि तिन्ही वस्तू पोरं खरंच वापरतात.

सुरुवात कपड्यापासून करा, कारण तो धुवून वाळायला वेळ लागतो. टोपीवाल्या टॉवेलला एक मोठा टॉवेल, 30 बाय 60 इंचाचा, आणि टोपीसाठी त्याच रंगातला नाहीतर मुद्दाम वेगळ्या रंगातला एक हातरुमाल-टॉवेल. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल दोन्हीला जीआय मानांकन (त्या त्या गावच्या मालाची सरकारी ओळख) आहे, तरी सोलापुरी नावानं बाहेरचा मालही विकतात, त्यामुळं शक्य असेल तर शहराच्या पूर्व भागातल्या किंवा एमआयडीसीतल्या कारखान्याच्या दुकानातूनच घ्या, तिथं कधी कधी किरकोळ डाग असलेला सेकंडचा टॉवेल स्वस्तात मिळतो आणि कापून शिवायला तो चांगला चालतो की. घेताना पूर्ण कॉटन आहे का बघाच. घरी आल्यावर कडेचे दोन धागे काढून चिमट्यात धरून सिंकवर पेटवायचे. कॉटन असेल तर कागद जळाल्यासारखा वास येतो आणि बोटानं चुरली जाते अशी मऊ राख पडते, पॉलिस्टर असेल तर वितळून टोकाला कडक गोळी होते. मिक्स टॉवेल अंग नीट पुसत नाही आणि उन्हाळ्यात पोराच्या अंगावर टोचतो, म्हणून एवढी खटपट.

चड्डीला पॉपलीन किंवा केम्ब्रिक घ्या, आणि दुकानात आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. साधारण सहा वर्षांच्या पोराची गुडघ्याच्या वरची चड्डी, उंची 14 इंच, त्यात वर इलॅस्टिकची पट्टी आणि खाली दुमड धरून 17 इंच झाली, तर 44 इंचाच्या पन्ह्यात दोन्ही पाय शेजारी शेजारी बसतात आणि अर्धा मीटर पुरतो, पण 36 चा पन्हा असेल तर एकाखाली एक कापावे लागतात आणि मीटरभर लागतो. दुकानदार घाईत असतो, तो हे सांगत बसत नाही. आपल्याकडं युनिफॉर्म आणि गार्मेंटचे इतके कारखाने आहेत की कटपीस किलोवर मिळतात, ते पोरांच्या सरावाला उत्तम, पण मापाच्या कपड्याला भरवशाचे नाहीत, त्यात कॉटन किती नि टेरीकॉट (पॉलिस्टर मिसळलेलं कापड) किती ते कळत नाही.

आता धुणं. नवीन कॉटन पहिल्या पाण्यात शंभराला तीन ते पाच आटतं, म्हणजे मीटरला तीन ते पाच सेंटीमीटर, आणि हे न धुता शिवलेली चड्डी पहिल्या धुण्यानंतर आखूड होते. म्हणून ज्या दिवशी नळाला पाणी येतं त्याच दिवशी कपडा, टॉवेल, कडेला लावायच्या उरेब (तिरक्या कापलेल्या) पट्टीचं कापड, सगळं एकदम भिजवून टाका. टॉवेलला कंडिशनर अजिबात नको, पाणी शोषायचं कमी होतं. लाल, काळा, गडद निळा असा रंग असेल तर एक कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासून बघा, डाग उठला तर तो कपडा वेगळा धुवायचा आणि फिक्या कपड्याला जोडायचा नाही. आपल्या उन्हात दोन तासात वाळतं, पण रंगीत कपडा सावलीत वाळवा.

मशीनची तयारी लोक सगळ्यात जास्त टाळतात, आणि खरी अडचण तिथंच येते. घरातल्या मशीनला एचए प्रकारची सुई लागते, तिची दांडी एका बाजूनं चपटी असते, आणि कारखान्यातल्या जुकीला (मोठ्या वेगाच्या मशीनला) डीबी, तिची दांडी गोल असते. सोलापुरात घरोघरी जुकीवर काम करणाऱ्या बायका आहेत, त्यामुळं दुकानात दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात आणि चुकीची हातात येते, तेव्हा जुनी सुई सोबत नेऊन दाखवा. नंबर असे घ्या, पॉपलीनला 14, टॉवेलला 16, चादरीला 16 किंवा 18, प्रत्येकी दोन-दोन, कारण जाड कापडात सुई मोडतेच. टाके सुटत असतील तर दोऱ्याला दोष द्यायच्या आधी सुई बदलून बघा, बोथट सुईनं निम्म्या तक्रारी होतात. तेल मशीनचंच घाला, खोबरेल घातलं की काही दिवसात चिकट होऊन मशीन जड चालते. कापड पुढं सरकवणाऱ्या दात्यांखालचा जुना कचरा ब्रशनं काढा आणि तो ब्रश हाताशीच ठेवा, टॉवेल शिवताना इतका मऊ कचरा पडतो की मध्येच परत साफ करावं लागतं. बॉबिन आदल्या रात्रीच भरा, दोन पांढऱ्या आणि दोन कपड्याच्या रंगाच्या. पायाची मशीन असेल तर लाईट गेली तरी काम थांबत नाही, मोटरची असेल तर लाईट जायच्या वेळा बघून बसा.

मापाचं सोपं सांगते. पोराला उभं करून टेप लावण्यापेक्षा त्याची नीट बसणारी जुनी चड्डी घ्या, मधोमध दुमडा, खाकी कागदावर ठेवून कडेनं पेन्सिल फिरवा, सगळीकडं पाऊण इंच मार्जिन सोडा आणि कंबरेला सव्वा इंचाची पट्टी जास्त. दुमडलेल्या चड्डीचं पुढचं आणि मागचं माप वेगळं असतं, मागचा आसन (दोन पायांमधला बसायचा भाग) जास्त खोल असतो, म्हणून दोन वेगळे कागद काढा. वर्तमानपत्र वापरू नका, शाई पांढऱ्या कपड्यावर उतरते, वह्यांना घालायचा खाकी कागद बेस्ट. कागदावर पोराचं नाव, महिना आणि उंची लिहून ठेवली तर पुढच्या वर्षी तोच कागद एक इंचानं वाढवून चालतो. इलॅस्टिक एक इंच रुंदीचं, कंबर 22 असेल तर 21 कापायचं, म्हणजे एक इंच एकमेकांवर ठेवून जोडल्यावर 20 राहतं. ओवायला मोठी सेफ्टी पिन. लहान पोरांच्या चड्डीला बाहेर लोंबणारी नाडी नको आणि टॉवेलच्या टोपीला तर बांधायची दोरी अजिबात नको, गळ्यात अडकते. तीन वर्षांच्या आतल्या बाळाच्या वस्तूला बटण, मणी, घुंगरू काहीच लावू नका, कितीही गोड दिसलं तरी, ओढून तोंडात घालतात.

पोरांचं सामान वेगळ्या डब्यात. चार-पाच वर्षांच्यांना जाड पुठ्ठ्याला भोकं पाडून, लोकर आणि बोथट प्लास्टिकची सुई. सात-आठच्या पोरांना धावदोरा, त्यासाठी मोठ्या नेढ्याची सुई, दुहेरी दोरा आणि कटपीसवर खडूनं मारलेल्या रेघा. दहाच्या पुढच्यांना मशीन द्या, पण आधी जुनी सुई लावून, दोरा न ओवता, रेघांच्या वहीच्या कागदावर शिलाई मारायला लावा. रेघेवर भोकं सरळ आली की हात बसला, मग एक वळण, मग चौकोन, आणि मगच कापड. हे पोरांना फार आवडतं आणि एक मीटर कापड वाचतं. सुया मोजून द्या, मोजून परत घ्या, आणि लोहचुंबक हाताशी ठेवा, कारण घरात सगळी अनवाणी फिरतात. मोडलेल्या सुईचे तुकडे एका बंद डबीत. कपड्याची कात्री कागदाला लावायची नाही, पोरांना कागदाची वेगळी द्या, आणि मोठी कात्री धार लावून आणलेली पाहिजे, टॉवेल बोथट कात्रीनं कापला की कड चावल्यासारखी होते.

इस्त्री सकाळी आठच्या आत आटपा, दुपारी त्या उष्णतेत कुणालाच बसवत नाही.

टॉवेलसाठी दोन गोष्टी आधीच करून ठेवा, म्हणजे पोरांच्या हाती सोपं काम राहतं. टोपीचा रुमाल मध्ये आडवा दुमडून एक कड शिवून घ्या, आणि मोठ्या टॉवेलच्या लांब बाजूचा मध्य खडूनं खूण करा, टोपीचा मध्य त्या खुणेवर पिन लावून पक्का करा. टाका लांब ठेवा, मशीनच्या टाक्याच्या आकड्यात तीनवर. टॉवेलच्या लूपमध्ये मशीनचा पाय अडकतो, तेव्हा वर पातळ कागदाची पट्टी ठेवून शिवा आणि नंतर ती फाडून काढा.

राहिली चादर. आमच्या घरी दहा-पंधरा वर्षं वापरलेल्या चादरी असतात, मध्ये विरलेल्या पण कडा अजून भक्कम, पिशवी कडेकडूनच कापायची. चादर कापली की लगेच धागे सुटायला लागतात, म्हणून आधी खडूची रेघ मारा, रेघेच्या दोन्ही बाजूंनी झिगझॅग किंवा दोन साध्या शिलाया मारा आणि मग मधून कापा. पिशवीचे बंद, म्हणजे धरायचे पट्टे, चादरीचेच, चार पदरी, पण चार पदर आणि पिशवीचे दोन मिळून मशीन दमते, तेव्हा तो भाग हाताच्या चाकानं हळू फिरवून शिवा. बंदाच्या टोकाला चौकोन आणि आत फुली अशी शिलाई मारा. शिवून झाल्यावर पिशवीत पाच किलो ज्वारी घालून दारामागच्या खुंटीला रात्रभर टांगा, सकाळी बंद जसाच्या तसा असेल तर पिशवी भाजीला न्यायला मोकळी.