आगीत सापडलेल्या शेडचं लोखंड: ठेवायचं की काढायचं?

उन्हाळ्यात कोकणातल्या सड्यांवर वणवे पेटतात आणि एखादा गोठा, काजूची शेड त्यात सापडते. काळेठिक्कर झालेले ट्रस, म्हणजे छप्पर पेलणारे लोखंडी सांगाडे, पाहून मालक एकतर सगळंच भंगारात देतो, नाहीतर पावसाच्या धास्तीने त्याच सांगाड्यावर नवे पत्रे ठोकतो. दोन्ही घाईचं आहे. काजळीवरून काहीच ठरत नाही.

आधी वीज तोडा, शेड पूर्ण थंड होऊ द्या. झुकलेल्या ट्रसखाली कुणालाही जाऊ देऊ नका.

झाडलोट करण्याआधी फोटो काढा आणि कुठे किती तापलं ते शोधा. कुठला धातू वितळलाय, त्यावरून अंदाज येतो. जस्त ४१९ अंश सेल्सिअसला वितळतं, अॅल्युमिनियम ६६० ला, तांबं १०८५ ला. खिडकीच्या अॅल्युमिनियमचा गोळा झाला असेल, तर त्याच्या आसपासचं लोखंड नीट तपासायलाच हवं. ६०० अंशांना साध्या बांधकामी पोलादाची ताकद निम्म्यावर येते. पण निवल्यावर ती बरीचशी परत येते, म्हणून सरळ राहिलेला जाड अँगल किंवा चॅनेल बहुधा वापरता येतो.

तेव्हा सरळपणा मोजा. प्रत्येक तुळईला दोरी ताणा, खांबांना ओळंबा लावा. सहा मीटरची तुळई ५०० अंशांनी तापली की साधारण ३६ मिलिमीटर वाढते. वाढायला जागा नसली तर ती वाकते किंवा भिंत ढकलते. म्हणून तुळई टेकते तिथे चिऱ्याच्या भिंतीला तडे गेलेत का, हे जरूर बघा. हे हमखास राहून जातं.

बोल्टची गोष्ट वेगळी. डोक्यावर ८.८ कोरलेले बोल्ट उष्णतेची प्रक्रिया करून कणखर केलेले असतात. आगीत ती कणखरता कायमची जाऊ शकते आणि वरून दिसत नाही. तापलेल्या भागातले सगळे बदला, इथे काटकसर नकोच. पातळ पत्र्याच्या सी पर्लिनवरही, म्हणजे छताचे पत्रे ज्यांवर बसतात त्या इंग्रजी सी आकाराच्या आडव्या पट्ट्यांवरही, भरवसा ठेवू नका. वेल्डिंगचे सांधे वायर ब्रशने घासून भेगा शोधा.

शंका उरली तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून कठीणपणाची चाचणी करून घ्या. वाकलेला भाग गावच्या फॅब्रिकेटरकडून तापवून सरळ करण्याआधी तर इंजिनिअरना विचाराच.

पीव्हीसीच्या वायरी जळाल्या असतील तर धुरातलं आम्ल लोखंडावर बसतं, त्यात आपला खारा वारा. ठेवायचं ठरलेलं लोखंड गोड्या पाण्याने लगेच धुवा, कोरडं करा आणि घासून प्रायमर मारा.