पॅलेस्टिनी थोबचं फुलीकाम आपल्या कुर्त्यावर

छातीचा तुकडा आधी वेगळा भरायचा, कुर्ता नंतर. लालबागच्या माझ्या भरतकामाच्या वर्गात पहिली कुरकुर यावरूनच होते, कारण प्रत्येकीला तयार कुर्ता आणून थेट त्यावर सुई चालवायची असते. थोब म्हणजे पॅलेस्टाइनच्या बायकांचा पायघोळ, सैल अंगरखा. त्याच्या छातीवरच्या भरलेल्या चौकोनाला तिकडे कब्बे म्हणतात. तो सुटा भरायचा आणि शेवटी अंगरख्यावर जोडायचा. अंगरखा विरला, की कब्बे उसवून नव्या कापडावर चढवायचं. महिनोन् महिने डोळे फोडून केलेलं काम एका कापडाच्या भरवशावर कोण सोडेल?

टाका आपला फुलीचाच. तिकडे या भरतकामाला तत्रीज म्हणतात आणि युनेस्कोने २०२१ साली ते अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. पूर्वी दोरा रेशमाचा असे. पुढे फ्रान्सच्या डीएमसी कंपनीचा सुती दोरा आला, नमुन्यांची पुस्तकं आली आणि युरोपातली फुलं-पक्षीही थोबवर येऊन बसले. त्यामुळे ‘अस्सल नमुना कुठला?’ हा वाद मी घालत बसत नाही. कपड्यावरून गाव मात्र ओळखू येई. रामल्लाचं काम पांढऱ्या लिननवर लालभडक. बेथलेहेमचं वेगळंच, सोनेरी-रुपेरी दोर कापडावर अंथरून बारीक टाक्यांनी पक्के केलेले, आपल्या जरदोजीच्या जातीचं. १९४८ साली लाखो माणसं गावांतून परागंदा झाली आणि गावोगावच्या तऱ्हा छावण्यांमध्ये एकमेकींत मिसळल्या. इस्रायलविरुद्धच्या १९८७च्या उठावात पॅलेस्टिनी झेंडा फडकवायला बंदी होती, तेव्हा बायकांनी झेंड्याचे रंग थोबवरच भरले. हे माहीत असलं की ‘बाई, लालऐवजी बेबी पिंक चालेल का?’ असं कुणी सहसा विचारत नाही.

आता सामान. इंचाला ११ फुल्या बसतील अशी मॅटी, म्हणजे घरं मोजून भरता येणारं चौकटीच्या विणीचं कापड, घ्या. दादरला किंवा भुलेश्वरला मिळते. १४ फुल्यांची जास्त देखणी दिसते, पण पहिल्या खेपेला नको. दोरा सहा पदरी लडीचा, त्यातले तीन पदर वापरायचे. सुई बोथट टोकाची, २४ नंबरची. लाल दोऱ्याचा एक तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून इस्त्री फिरवा. फडकं गुलाबी झालं तर ती लडी गणपतीच्या तोरणाला ठेवा. मॅटी रात्रभर पाण्यात घालून, वाळवून मगच कापा, म्हणजे नंतर आटणार नाही.

तुकडा ९ इंच रुंद, १२ इंच लांब. शिवणीला चारी बाजूंनी एकेक इंच जास्त ठेवा आणि कडांना धावदोरा घाला, नाहीतर मॅटी पिंजते. ९ इंचांत ९९ फुल्या बसतात. मधल्या ५ फुल्यांची पट्टी गळ्याच्या चिरेसाठी कोरी सोडायची, म्हणजे दोन्ही बाजूंना ४७-४७ उरतात. चीर संपते तिथून खाली हीच पट्टी बारीक चौकटींनी भरा. एका चौकटीच्या ओळींत फुल्या अशा: १, ३, ५, ३, १.

नमुना सरूच्या झाडाचा, थोबवर तो ठिकठिकाणी दिसतो. हा माझा सोपा केलेला आहे. खालून वर मोजा. खोड एका फुलीचं, तीन ओळी. त्यावर ९, ७, ५. मग ७, ५, ३. मग ५, ३, १. झाड ९ फुल्यांचं आणि दोन झाडांमध्ये २ फुल्या मोकळ्या, म्हणजे ४७मध्ये चार झाडं ४२ खातात. उरलेल्या पाचांत बाहेरच्या कडेला ३ फुल्यांची किनार, तिच्या आत एक घर मोकळं आणि चिरेलगत एक.

ओळ भरताना आधी सगळे अर्धे टाके एका दिशेला घालत जा, परतताना त्यांच्यावर दुसरे. वरचा पाय सगळीकडे एकाच दिशेला झुकला पाहिजे. एक जरी उलटा पडला तरी उजेडात ती फुली वेगळी चमकते. गाठ मारायची नाही, टोक मागच्या टाक्यांखाली सरकवायचं. दोरा हातभर पुरे. जास्त लांब घेतला की गुंततो आणि त्याची चकाकीही जाते. काळ्या मॅटीवर भरणार असाल तर मांडीवर पांढरा टॉवेल पसरा. भोकांतून पांढरं दिसतं आणि मोजणी चुकत नाही. लोकलमध्ये बसायला मिळालं तर किनार खुशाल भरा, झाडं मात्र घरीच. कुर्ल्याच्या गर्दीत ‘उतरना है क्या?’ ऐकलं की आकडा डोक्यातून जातो.

कापड काळं सुतीच हवं असेल तर त्यावर जाळीचं कॅनव्हास टाचून भरता येतं. तिथे सुई टोकदार लागते. भरून झालं की ओलं करायचं. खळ सुटली की जाळीचे धागे चिमट्याने एकेक ओढून काढायचे. काम कटकटीचं आहे, पण कापडाचा पोत राहतो.

जोडताना चिरेला आतून पट्टी लावून कडा मागे वळवा. मग तुकड्याच्या चारी कडा आत दुमडून तो कुर्त्यावर हातानेच, बारीक लपत्या टाक्यांनी बसवा. मशीन मारलीत तर उसवताना मॅटीही फाटेल. गार पाण्यात उलटा करून धुवा, पिळू नका. पावसाळ्यात पंख्याखाली आडवा वाळत घाला आणि इस्त्री टॉवेलवर पालथा ठेवूनच करा, नाहीतर फुल्या चपट्या होतात.