देवळाच्या मंडपात ‘कालिया मर्दन’ दाखवायचा तर

मूकपटातली माणसे तुरूतुरू पळतात म्हणून आज प्रेक्षक हसतात. यात दोष दादासाहेब फाळक्यांचा नाही, आपण लावतो त्या वेगाचा आहे. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवत आणि सेकंदाला साधारण १६ ते १८ चित्रे टिपत. बोलपट आल्यावर वेग २४ वर ठरला. त्या वेगाने जुनी फीत लावली की चाल जवळजवळ दीडपट होते. म्हणून गोकुळाष्टमीला फाळक्यांचा मूकपट ‘कालिया मर्दन’ (१९१९) दाखवायचा असेल, तर आधी वेग तपासा.

फाइल व्हीएलसी या व्हिडिओ दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि वेग ०.६७ ते ०.७५ च्या दरम्यान ठेवून पाहा. चालणारी माणसे आणि हलणारे पाणी खरे वाटले की तिथेच थांबा. काही प्रतींचा वेग आधीच सुधारलेला असतो. त्या आणखी मंद केल्या तर पात्रांच्या अंगात त्राण नसल्यासारखे वाटते.

चित्राचे प्रमाण ४:३, म्हणजे ८ फूट रुंदीला ६ फूट उंची. प्रोजेक्टरवर चित्र ताणून पडदा भरू नका, चेहरे चपटे होतात.

फाइलला जोडलेले संगीत बंदच ठेवा. वेग बदलला की त्याची लय बिघडते, शिवाय ते नवे असेल तर त्याचे हक्क वेगळे. त्यापेक्षा गावचे भजनी मंडळ पडद्याशेजारी बसवा. सुरुवातीला फाळक्यांची छोटी मुलगी मंदाकिनी, तीच यात कृष्ण झाली आहे, नुसत्या चेहऱ्याने एकेक भाव दाखवते. तिथे फक्त पेटी वाजू द्या. ठेका धरला की लोक टाळ्या वाजवू लागतात आणि तो विलक्षण चेहरा निसटतो. घुमट आणि शामेळ ही गोव्याकडची तालवाद्ये कालियाच्या झुंजीसाठी राखून ठेवा, कासाळे म्हणजे मोठी झांज कृष्ण फण्यावर नाचेल तेव्हाच. शब्दांची भजने मात्र नकोत, कान शब्दांकडे गेला की डोळे ढिले पडतात.

चित्रांमध्ये येणाऱ्या मजकुराच्या पाट्या कुणीतरी मोठ्याने वाचाव्यात, त्या वेळी पेटीने नुसता सूर धरावा. प्रतीतल्या पाट्या कोणत्या भाषेत आहेत ते आधी पाहा आणि लागल्यास मराठी तर्जुमा कागदावर उतरवून घ्या. त्याच कागदावर मिनिटे आणि वाद्ये मांडून दोन पूर्ण तालमी करा. श्रावणातला पाऊस पत्र्यावर कोसळला तर पेटी बुडते, घुमट नाही. तेव्हा एकच माइक असेल तर तो पेटीला आणि वाचणाऱ्याला मिळून द्या.