पावसाळ्यात लॉन: कापणी उंच, निचरा चोख

पाऊस लागून राहिला की लॉन झपाट्याने वाढतं आणि उघडीप मिळताच जो तो मॉवर (गवत कापायचं यंत्र) बाहेर काढतो. नेमकी इथेच हिरवळीची वाट लागते. कीड-रोगाच्या अनेक तक्रारी मुळात चुकीच्या कापणीच्या असतात.

एका वेळी गवताच्या पात्याच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. गवत ६ सेंमी असेल तर ४ सेंमीवर थांबा. खरडून कापलेलं गवत साठवलेलं अन्न नवी पाती फोडण्यात खर्च करतं, मुळं वरच्यावर राहतात आणि पाऊस उघडून ऊन तापलं की तेच आधी पिवळं पडतं. हरळी वर्गातल्या गवताला ३ ते ४ सेंमी उंची पुरते. झाडाखालचं लॉन याहून थोडं उंच ठेवा. गवत हाताबाहेर गेलं असेल तर दोन-तीन टप्प्यांत, मध्ये तीन-चार दिवस सोडून खाली आणा.

कापल्यानंतर दुसऱ्या दिवशी खाली बसून चार पाती हातात घेऊन पाहा. मॉवरच्या धारदार पात्याने कापलेलं टोक सरळ आणि हिरवं असतं. बोथट पात्याने फाटलेल्या टोकाला पांढरट धागे सुटतात आणि पुढे ते तपकिरी होतात. लांबून हे करपा या बुरशीच्या रोगासारखं दिसतं आणि मग उगाच बुरशीनाशकाची फवारणी होते. आधी मॉवरला धार लावा.

मॉवर फिरवायचा तो वाफसा आल्यावरच, म्हणजे जमीन ओलसर पण चिखल नसलेली झाल्यावर. मूठभर माती दाबा; गोळा बोटाच्या टोचणीने फुटला तर वाफसा आहे, चिखलासारखा चिकटून राहिला तर थांबा. ओल्या जमिनीवर चाकं आणि पाय पडले की माती घट्ट होते, पाणी साचतं आणि मुळं गुदमरतात. असे पट्टे आधीच पडले असतील तर वाफशावर बागकामाच्या काट्याने ८ ते १० सेंमी खोल, वीतभर अंतराने भोकं पाडा आणि वरून चाळलेलं, पूर्ण कुजलेलं खत झाडूने पसरा. अर्धवट कुजलेलं शेणखत मात्र नको, त्यातून हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि तणाचं बी दोन्ही येतं.

बारीक कापलेलं गवत तिथेच राहू द्या, त्यातला नत्र जमिनीला परत मिळतो. ओले गठ्ठे पडले असतील तर तेवढे उचला. युरिया १०० चौरस मीटरला १ किलोच्या वर नको. तोही कोरड्या पात्यांवर फेकून लगेच हलकं पाणी द्या. जोराच्या पावसाचा अंदाज असेल त्या दिवशी टाकलेलं खत गटारात जातं.

लव्हाळा हे तण नुसतं उपटून संपत नाही, कारण खाली गाठींची माळ असते. जमीन भुसभुशीत असताना खुरप्याने गाठीसकट काढा, आणि पुन्हा फुटला की पुन्हा काढा. याला कंटाळून चालत नाही.

लॉनचा एखादा तुकडा पिवळा पडून हाताने ओढताच सतरंजीसारखा उचलला गेला तर खाली हुमणी पाहा. एक फूट लांब-रुंद आणि १० सेंमी खोल माती उकरा. एखाद-दुसरी वाकडी पांढरी अळी दिसली तर घाबरू नका, निरोगी लॉन तेवढं सोसतं. पाच-सहाच्या वर असतील तर मेटारायझियम ही अळीवर वाढून तिला मारणारी परोपजीवी बुरशी संध्याकाळी ओल्या मातीत द्या. तिला ओल लागते, म्हणून हेच दिवस सोयीचे.

पाऊस उघडल्यावर रोज शिंपडण्याची सवय लावू नका. आठवड्याला एकूण अडीच सेंमी पाणी, दोन वेळांत विभागून, सकाळी द्या. संध्याकाळी दिलं तर पाती रात्रभर ओली राहून बुरशी धरते. मोजायला तुषाराखाली (स्प्रिंकलरखाली) सरळ कडांचा रिकामा डबा ठेवा आणि एका पाळीत सव्वा सेंमी भरायला किती मिनिटं लागतात ते लिहून ठेवा.